गंजीचं पोट

फेब्रुवारी संपता संपता, पहाटे साडेचारला, आमच्या रानात बॅटरीच्या उजेडात पेंढ्या बांधायला सुरुवात होते. ज्वारी उपटून आठवडा झालेला असतो. ताटं ओळीनं आडवी पडून वाळलेली, कणसं खुडून खळ्यावर गेलेली. याच ताटाला दुपारी हात लावला तर पानांचा चुरा होऊन मातीत जातो, आणि जनावर खातं ते तर पानच. पहाटे त्यावर दहिवर असतं. पान मऊ पडतं, वळवाल तसं वळतं. उन्हं वर आली की दहिवर उडतं आणि काम आपोआप थांबतं. घड्याळ बघावं लागत नाही.

पेंढीला सुतळी लागत नाही. कडब्यातलीच तीन-चार बारीक ताटं निवडायची, त्यांना पीळ देऊन बंध करायचा, दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा कडबा त्यावर ठेवायचा, गुडघा रोवून आवळायचा आणि बंधाचं टोक पीळ देऊन आत खोचायचं. गाठ मारायची नाही. गाठीनं ताट मोडतं. पीळ वाळेल तसा आणखी घट्ट बसतो. चांगल्या हाताची पेंढी गाडीत भिरकावली, गाडीतून गंजीवर फेकली, वर्षभरानं काढली, तरी सुटत नाही. ढिल्या हाताची पेंढी बांधावरच ओळखू येते, आणि कुणी बांधली तेही.

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानाला ज्वारीचं कोठार म्हणतात. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ३५-१ हे वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेलं. पुढं संकरित वाणं आली. ज्वारीचं देशातलं पहिलं संकरित वाण सीएसएच-१ हे १९६४ चं. खरिपात संकरितांनी जम बसवला, पण रब्बीत शेतकऱ्यानं मालदांडीचा हात सोडला नाही. भाकरीची चव हे एक कारण लोक सांगतात. दुसरं कारण गोठ्यात बांधलेलं असतं. मालदांडी माणसापेक्षा उंच वाढते, तिचा कडबा गोड असतो, जनावर तो चवीनं खातं. धान्याच्या दुपटी-तिपटीनं कडबा देणारं पीक म्हणजे एका पेरणीत दोन पिकं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा भाकरीवर पुष्कळ लिहून आलं. कडब्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. पण धान्याचा भाव पडलेल्या कितीतरी सालांत कडब्यानंच पेरणीचा खर्च भरून काढलाय, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल.

कडब्याचं मोजमाप शेकड्यावर आणि हजारावर. आमच्या घरचा जुना हिशेब असा: बैलजोडीला दिवसाला आठ पेंढ्या, म्हणजे वर्षाला तीन हजारांच्या जवळपास. म्हैस, गाय, कालवडी धरल्या की आकडा दुप्पट. हिरवा चारा मिळेल ते दिवस वजा, पाऊस लांबला तर तेवढे महिने अधिक. एवढा कडबा ठेवायचा कुठं? धान्याला जमिनीखालचं पेव होतं, वैरणीला मात्र आभाळाखालीच राहावं लागतं. छप्पर घालायचं तर वाड्याएवढं लागेल. म्हणून कडबाच असा रचायचा की त्यानं स्वतःच स्वतःचं छप्पर व्हावं. ही रचना म्हणजे गंज. कुठं तिला वळई म्हणतात. कोकणात भाताच्या पेंढ्याची रचतात ती उडवी. जात तीच.

पेंढ्या बांधल्या की लगेच गंज लावत नाहीत. आधी रानातच त्यांची बुचाडं करतात: शेंडे वर करून पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या ठेवायच्या. वारा मधून खेळतो, कांड्यातली उरलेली ओल जाते. हा धीर महत्त्वाचा. वरून खडखडीत दिसणाऱ्या ताटाच्या कांड्यात आठवडाभर पाणी दडलेलं असतं. वाळलेल्या वैरणीत विसेक टक्क्यांच्या वर ओल राहिली आणि ती दाबून रचली, की आत बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात, उष्णता तयार होते, आणि गंज जेवढी मोठी तेवढी ती बाहेर पडायला वाट कमी. बहुतेक वेळा वैरण नुसती काळी पडते. कधी उष्णता चढत जाते आणि काडी न लावता गंज पेटते. म्हणून माझे चुलते, तात्या, गंज लागल्यावर पंधरा दिवस रोज सकाळी तिच्या कुशीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि तो बाहेर काढून नाकाशी न्यायचे. कोंदट वास आला की तेवढा भाग उपसायचा, मग दिवस मोडला तरी बेहत्तर.

गंज लावण्याचा दिवस म्हणजे घरातल्या कार्याचा दिवस. जागा आधीच ठरलेली असते: गोठ्याजवळ, चुलीपासून लांब, उंचवट्यावर, पावसाळ्यात पाणी धावतं त्या वाटेवर अजिबात नाही. खाली दगड, त्यावर तुराट्या आणि पळाट्यांचा थर, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी वर चढायला नको. गंज लांबट, आणि तिची अरुंद बाजू पश्चिमेकडं. आमच्याकडं पावसाचा मारा त्या अंगानं येतो. कमीत कमी छाती त्याला द्यायची. एक माणूस गाडीवरून पेंढ्या फेकतो, एक झेलतो, आणि एकच माणूस रचतो. रचणारा बदलत नाहीत. प्रत्येक हाताचा उतार वेगळा असतो, आणि जिथं दोन उतार भेटतात तिथं पाणी शिरतं.

पेंढीचे बुडखे बाहेर, शेंडे आत. बुडखा टणक असतो, ऊनपाऊस सोसतो, मोकळ्या जनावराला तो ओढून काढता येत नाही. पानं आत अंधारात राहतात, म्हणून वर्षभरानंही त्यांच्यावर हिरवट झाक असते. थर चढतो तसा प्रत्येक थर खालच्याच्या बोटभर बाहेर घ्यायचा, म्हणजे वरचं पाणी खालच्या अंगावर न ओघळता सरळ जमिनीवर ठिबकतं. पुरुषभर उंची झाली की उलट, थर आत घेत घेत आढं मिटवायचं. वर तुराट्या किंवा पाचट, त्यावरून नाडे, नाड्यांच्या टोकांना दगड. आता ताडपत्री असते, पण जुनी माणसं तिला टोपी म्हणतात, छप्पर म्हणत नाहीत.

आणि हे सगळं ज्यावर उभं राहतं ते बाहेरून दिसतच नाही. गंजीचं पोट. मधला भाग कडेपेक्षा कायम उंच असायला हवा. तो उंच असेल तर कडेची प्रत्येक पेंढी बुडख्याकडं उतरती राहते आणि वाट चुकलेलं पाणी ताटावरून घसरत बाहेर येतं. मधला भाग बसला की सगळे उतार उलटतात, आणि गंज वाटीसारखी पाणी आत घेते. नव्या माणसाचं लक्ष कडेकडं असतं, कारण लोक कड बघतात. मी पहिल्यांदा गंजीवर चढलो तेव्हा तात्या खालून ओरडले होते, "आरं, कडंला काय रांगोळी घालतोस? पोट भर आधी, पोट!"

ते मी ऐकलं, पण माझ्या हाताला कळायला एक गंज जावी लागली. तात्यांचे गुडघे गेले त्या वर्षी रचायला मी होतो. कड अशी ओळंब्यात आली होती की येणारा-जाणारा थांबून बघायचा. जून-जुलै ठीक गेला. सप्टेंबरात परतीचा पाऊस तीन दिवस लागून राहिला. दिवाळीच्या आधी गंज फोडली. गंज कधी वरून उघडत नाहीत. पूर्वेच्या टोकाकडून पावाच्या लादीसारखी उभी कापत जातात, म्हणजे उरलेली झाकलेली राहते. पहिले चार हात सोन्यासारखा कडबा निघाला. पाचव्या हाताला पेंढी ओढली तर बंध हातात आला आणि कडबा आतच राहिला. काळा, पांढऱ्या जाळीचा, ओल्या पोत्यासारखा वास मारणारा. तीनशेच्या वर पेंढ्या उकिरड्यावर गेल्या. कापलेल्या अंगावर थर न् थर दिसत होता: कडेला नीट, आणि मध्ये झोळीसारखा बसलेला. तात्या खुर्चीवरून ते बराच वेळ बघत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

गंजीचा दुसरा वैरी विस्तव. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणच्या बाजूला छावणीत असलेल्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला तोशीस लावू नका, या ताकिदीसाठी ते नेहमी सांगितलं जातं. त्यातच वैरणीची काळजीही आहे: निष्काळजीपणे विस्तव कराल, रात्री दिवा तसाच ठेवाल, उंदीर पेटती वात पळवेल आणि गवत जळून जाईल, मग पावसाळ्यात घोडी कशावर जगवाल? पेटती वात घेऊन पळणारा उंदीर एवढ्या नेमकेपणानं लिहिणाऱ्या माणसाला गवताची गंज ठाऊक होती. आमच्याकडं आजही कडब्याची गाडी विजेच्या तारांखालून नेताना एकजण पुढं चालतो. गंजीपाशी विडी ओढणाऱ्याला पाहुणा असला तरी हटकतात.

गंज जळाली किंवा कुजली तर काय होतं, हे दुष्काळी साली कळतं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते लोक घरात पैसा किती होता हे सांगत नाहीत, दारात गंज किती हात उरली होती ते सांगतात. गंज संपली की जनावर बाजारात, आणि बाजारात सगळ्यांचीच गंज संपलेली. २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात चारा छावण्यांत दावणीला दावण लागली, तेव्हाही गावात ज्याच्या दारात गंज होती त्याचं जनावर त्याच्याच गोठ्यात राहिलं. सोयरीक जमवताना पोरीचा बाप आधी गंज आणि गोठा बघतो, ही जुनी रीत उगाच पडलेली नाही.

आता गावात बेलर आलाय. ज्वारीचा उंच कडबा अजून पेंढीनंच बांधतात, पण गव्हाचं काड, भाताचा पेंढा, उसाचं पाचट यांचे गठ्ठे यंत्र बांधतं. ट्रॅक्टरमागं चालणारं हे यंत्र दात्यांनी काड उचलतं, बाजूच्या पेटीत ढकलतं, आणि तिथं एक दट्ट्या मिनिटाला ऐंशी-नव्वद ठोके देत ते दाबत राहतो. ठरलेली लांबी भरली की खालून दोन वाकड्या सुया सुतळी घेऊन वर येतात आणि वर गाठ बसते. ती बघायला मी ड्रायव्हरला यंत्र हातानं फिरवायला लावलं. पोपटाच्या चोचीसारखा एक आकडा दोन्ही सुतळ्या अंगावर घेऊन गिरकी घेतो, गिरकी पुरी होताना चोच उघडून टोकं पकडतो, पातं सुतळी कापतं, एक दांडा तो फास चोचीवरून ओढून काढतो. गाठ तयार. चालत्या यंत्रात हे डोळ्याला सापडत नाही.

ही चोच जुनी आहे. अमेरिकेत जॉन अ‍ॅपलबी यांनी १८७० च्या दशकात ती पेंढ्या बांधणाऱ्या कापणीयंत्रासाठी तयार केली. पेन्सिल्वेनियातल्या एडविन नोल्ट या शेतकऱ्यानं १९३७ च्या सुमारास गवत स्वतः उचलून, दाबून, स्वतःच बांधणारं यंत्र जुळवलं आणि १९४० पासून न्यू हॉलंड कंपनीनं ते बाजारात आणलं. त्याआधी तिथंही गठ्ठे बांधायला यंत्रामागं माणसं बसवावी लागत. आमच्याकडं माणसं मिळेनाशी झाली तेव्हा ते यंत्र इथवर पोचलं. तक्रार कुणाची करायची? पहाटे साडेचारला वाकून पेंढ्या बांधायला ज्याला जावं लागत नाही तो सुखी आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्यानं गव्हाच्या काडाचे अडीचशे गठ्ठे रचले. विटांसारखे, सांधे मोडून, एका थरात उभे तर दुसऱ्यात आडवे, वर ताडपत्री ताणून. माथा टेबलासारखा सपाट. तात्यांना खुर्चीसकट तिथं नेलं. त्यांनी काठीनं ताडपत्री वर उचलली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "पोट कुठाय?" पुतण्या हसला. गठ्ठ्यांना कसलं पोट आजोबा, चौकोनी आहेत ते. मी मधोमध एक ओळ वाढवायला लावली, तिच्यावर अर्धी आणखी, आणि ताडपत्रीला दोन्हीकडं उतार आला.

मग तात्यांनी बाही वर सारली आणि हात गठ्ठ्यांत घालायला गेले. दोन बोटांच्या पुढं तो जाईना. यंत्रानं दाबलेलं काड, त्यात माणसाचा हात शिरत नाही. त्यांनी एकदा पुतण्याकडं बघितलं, एकदा गंजीकडं.

"पहार आण," ते म्हणाले.

पहार गठ्ठ्यांच्या सांध्यात ठोकली आणि तशीच ठेवली. चहा झाला. तासाभरानं ती ओढून काढली तेव्हा तात्यांनी तिच्या टोकाला आधी तळवा लावला, मग नाक, आणि पहार न बोलता पुतण्याच्या हातात दिली.