‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’ : घटस्फोटाच्या दाव्यातील परकीय पत्नी

अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) विशेषाधिकार ‘नागरिकां’ना दिले, योग्य न्यायप्रक्रियेची हमी मात्र ‘व्यक्ती’मात्रास दिली. ही हमी परकीयांसही लागू आहे, असे यिक वो खटल्यात (१८८६) सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. न्यायालयाचे शुल्क देण्याची ऐपत नाही, एवढ्यावरून घटस्फोटार्थीस अडविता येत नाही, हे बॉडी खटल्यात (१९७१) निश्चित झाले. या दोहोंचा एकत्र अन्वय लावता, परकीय पत्नीस दाव्याची सूचना व बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे; व्हिसा संपला असला तरीही.

वास्तव्याचा प्रश्न निराळा होय. १९८६ च्या कायद्यान्वये नवविवाहितेस विवाहाधारे मिळणारे वास्तव्य प्रथम दोन वर्षे सशर्त असते. मध्यंतरी घटस्फोट झाल्यास, विवाह सद्भावनेने केला होता हे तिला सहसा सिद्ध करावे लागते. घटस्फोटाने ‘पत्नी’ हे नाते संपते. ‘व्यक्ती’ म्हणून असलेला हक्क संपत नाही.