लेप: एकाच अंगाला दोन डोळे

बाजारात लेप घेतलात तर तो एकदा उलटून पाहा. वरची बाजू तपकिरी, चिखलाच्या रंगाची, खालची पांढुरकी. आणि दोन्ही डोळे? वरच्याच बाजूला, एकमेकांना खेटून, मोहरीएवढे.

जन्मतः मात्र लेप असा नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू चारचौघा माशांसारखं उभं पोहतं, डोळे दोन्हीकडे एकेक. मग कवटी पिळत जाते, उजवा डोळा सरकत डावीकडे येतो आणि पिल्लू उजव्या कुशीवर कायमचं आडवं होतं. आपण ज्याला लेपाची पाठ समजतो, ती खरं तर त्याची डावी कूस! या सरकत्या डोळ्याने डार्विनलाही कामाला लावलं होतं: उत्क्रांतीवरच्या त्याच्या ग्रंथाच्या 1872च्या आवृत्तीत त्याला टीकाकारांना उत्तर द्यावं लागलं.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उथळ पाण्यातला वाळूमिश्रित गाळ हे लेपाचं घर. छातीचे पर नाहीतच. पाठीचा, शेपटीचा आणि पोटाकडचा पर मिळून अंगाला सलग झालर. ती थरथरवली की गाळ उडून अंगावर बसतो, उरतात फक्त डोळे. वाकड्या तोंडाने तो तळातले किडे आणि बारीक कवचधारी प्राणी टिपतो.

मलबारी लेप जेमतेम वीतभर. पावसाळा ओसरताना तो केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत थव्यांनी सापडतो. साफ करताना डोक्याकडून साल ओढावी; नीट धरली तर सबंध निघते. मग तांदळाचं पीठ लावून तव्यावर.