सडीच्या आडून येणारे जिवाणू

भाजी सडवणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू सहसा वेगळे असतात. बटाटा, गाजर, ढोबळी मिरची यांना ओली सड लावतो तो मुख्यतः पेक्टोबॅक्टेरियम. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव अर्विनिया असे आढळते. भाजीच्या पेशी पेक्टिनमुळे एकमेकींना चिकटलेल्या असतात. पोते आपटल्याने किंवा किडीने पडलेल्या जखमेतून हा जिवाणू आत शिरतो आणि त्याची विकरे पेक्टिन विरघळवतात. पेशी सुट्या होतात, रस पाझरतो, वास सुटतो. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ओल त्याला मानवते, म्हणजे आपल्याकडचा पावसाळी बाजारच.

आंबट फळांवर बुरशी आधी चढते. बहुतेक भाज्यांत आम्ल कमी असल्याने तिथे जिवाणूंचे फावते. तरी बुरशी भाज्यांनाही सोडत नाही. कांद्याच्या पापुद्र्याखाली दिसणारी काळी पूड ॲस्परजिलस नायजर या बुरशीची असते.

ही मंडळी सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. धोका आहे तो त्यांच्या आडून येणाऱ्यांचा. साल्मोनेला आणि ई. कोलाय सांडपाण्यातून, कच्च्या शेणखतातून, न धुतलेल्या हातांतून भाजीवर येतात. धडधाकट सालीवर त्यांची उपासमार होते. सडीने पेशी फुटल्या की रस आयताच मिळतो. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बाजारातल्या ओल्या सडीच्या नमुन्यांपैकी १८ ते २० टक्के नमुन्यांत साल्मोनेलाचा संशय आला; निरोगी नमुन्यांत हे प्रमाण ९ ते १० टक्के, म्हणजे जवळपास निम्मे होते. टोमॅटोचे आम्ल एरवी साल्मोनेलाला आवर घालते, पण काही बुरशा ते आम्लच घटवतात.

यामुळे बाजारातली एक सवय महागात पडते. संध्याकाळी उरलेल्या मालातला सडका भाग कापून टाकायचा आणि बाकीच्याचे वाटे लावायचे. सुरी तीच, ओले गोणपाट तेच, जुड्यांवर मारायचे पाणीही दिवसभर त्याच बादलीतले. दोष एकट्या विक्रेत्याचा नाही; जिथे स्वच्छ पाण्याचा नळच नाही, तिथे त्याने दुसरे काय करावे?

नळाखाली चोळून धुतल्याने जिवाणू कमी होतात, संपत नाहीत. नीट शिजवल्यावर साल्मोनेला आणि ई. कोलाय मरतात; काही बुरशांची विषे मात्र उष्णतेला दाद देत नाहीत. कोबी किंवा गाजरासारख्या घट्ट भाजीवर बुरशीचा छोटा डाग असेल तर भोवतालचा अडीच सेंटिमीटर भाग काढून उरलेले वापरता येते. मऊ टोमॅटो किंवा काकडी पूर्ण टाकावी. कोशिंबिरीची भाजी आणि वरून पेरायची कोथिंबीर कच्चीच पोटात जाते, म्हणून जुडी घेताना ती सोडून मधल्या काड्या पाहाव्यात. चिकट लागल्या तर ती घेऊ नये.