‘बँक’ शब्दाचे काठ आणि बाक

इंग्रजीत नदीच्या काठाला ‘बँक’ म्हणतात आणि पैसे ठेवण्याच्या संस्थेलाही ‘बँक’च. उच्चार आणि स्पेलिंग एकच असले, तरी हे दोन शब्द इंग्रजीत वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. फार मागे गेल्यास मात्र दोघांचे मूळ एकाच जर्मानिक शब्दात सापडते.

काठ या अर्थाचा शब्द स्कँडिनेव्हियन भाषांतून आला. मातीचा उंचवटा, कड, उतार हा त्याचा गाभा. जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडचा प्रदेश ‘वेस्ट बँक’ ठरला तो याच अर्थाने. विमान वळताना एका अंगाला कलते, त्यालाही ‘बँक’ म्हणतात. तिथे काठ उरत नाही, उतार तेवढा राहतो.

पैशांची बँक आली ती इटलीतून. बाक या अर्थाचा जर्मानिक शब्द इटालियन भाषेत ‘बांका’ किंवा ‘बांको’ झाला. मध्ययुगात तिथले सराफ बाजारात मेजावर नाणी मांडून बसत आणि गावोगावची चलने बदलून देत. पुढे त्या मेजाचेच नाव धंद्याला पडले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमार्फत ते इंग्रजीत पोचले. बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली ती 1694 मध्ये. दिवाळखोर या अर्थाचा ‘बँकरप्ट’ म्हणजे मुळात ‘बांका रोत्ता’, मोडलेले बाक. मेजवानीचा ‘बँक्वेट’ही छोट्या बाकावरूनच आला. जहाजातील वल्हेकऱ्यांच्या बाकावरून वल्ह्यांची रांग आणि त्यावरून बटणांची किंवा दिव्यांची रांग, असाही एक अर्थ रुळला.

विसाव्या शतकात ‘गरजेसाठी राखून ठेवलेला साठा’ हा अर्थ पुढे आला. 1937 मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्ताचा साठा करण्याची सोय उभारली आणि तिला ‘ब्लड बँक’ म्हटले. नेत्रदानाची ‘आय बँक’ आणि माहितीची ‘डेटा बँक’ ही त्याच वळणाची नावे. मराठीतही तसेच घडले: सावकाराच्या, सराफाच्या पेढीवरून रक्तपेढी आणि नेत्रपेढी हे शब्द तयार झाले.

मराठीत या कुळातले दोन शब्द नांदतात. शाळेतला ‘बाक’ पोर्तुगीज ‘बांको’वरून आला, तर ‘बँक’ इंग्रजीवरून.