नवं पिल्लू जेवत नाहीये? आधी त्याच्या जुन्या घरी फोन करा

शनिवारी संध्याकाळी पिल्लू घरी आलं आणि रविवारी दुपारपर्यंत आमच्या जेपी नगरच्या फ्लॅटमध्ये चार प्रकारचा स्वयंपाक झाला. आधी दुकानातून आणलेलं महागडं पपी फूड. मग दूध-पोळी. मग उकडलेलं चिकन आणि शेवटी पनीर. दोन महिन्यांचं ते गावठी पिल्लू प्रत्येक वाडगा हुंगायचं आणि चपलांच्या स्टँडमागे जाऊन बसायचं. सांगलीहून आलेल्या सासूबाई घास हातात घेऊन त्याच्यामागे, आणि माझी नऊ वर्षांची मुलगी रडवेली होऊन सासूबाईंच्या मागे.

शेवटी ज्यांच्याकडून पिल्लू आणलं होतं, त्या बनशंकरीच्या घरी फोन लावला. तिथल्या आजी हसल्याच. कन्नडमध्ये म्हणाल्या, ‘अहो, तो रागीची गंजी खातो, अंडं कुस्करून घालायचं.’ रागी म्हणजे आपली नाचणी. पातळ गंजी शिजवली, कोमट केली, त्यात उकडलेलं अंडं कुस्करलं. पाच मिनिटांत वाडगा चाटून पुसून साफ! त्याच दिवशी त्याचं नाव ‘रागी’ पडलं. सासूबाईंना ते अजूनही ‘रागीट’ वाटतं, तो भाग वेगळा.

हा फोन शनिवारीच करायला हवा होता. आठ आठवड्यांचं पिल्लू आई, भावंडं, ओळखीचे वास सगळं एका दिवसात सोडून येतं. अशा वेळी त्याच्यापुढे अन्नही अनोळखीच ठेवलं तर ते घाबरून तोंड फिरवतं. म्हणून पिल्लू आणताना तीन गोष्टी विचारून घ्या: काय खातं, किती वेळा खातं आणि जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं. जुनं अन्न आठवडाभर पुरेल इतकं मागून आणता आलं तर उत्तम.

बदल करा, पण हळूहळू

रागी-अंडं आवडलं म्हणून आयुष्यभर तेवढंच द्यायचं, असंही नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, त्यामुळे ‘रागी दिली की झालं’ असं बेंगळुरूत बरेच जण सांगतात. वाढत्या पिल्लाला त्याहून बरंच काही लागतं, विशेषतः प्रथिनं आणि योग्य प्रमाणात स्निग्ध पदार्थ. नुसत्या दूध-पोळीवर तर पिल्लू अजिबात वाढवू नये. अनेक पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही आणि जुलाब सुरू होतात. कॅल्शियमच्या बाटल्याही मनाने आणू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांना जास्तीचं कॅल्शियम अपायच करतं.

आम्ही पहिले दोन दिवस तीन भाग जुनं आणि एक भाग नवं अन्न दिलं. मग निम्मं-निम्मं, मग एक भाग जुनं. आठ-दहा दिवसांत रागी पपी फूडवर आला. कोरडे दाणे त्याला आवडेनात, म्हणून त्यावर कोमट पाणी घालून दहा मिनिटं ठेवायचो. दाणे मऊ होतात आणि वास सुटतो. कुत्रा आधी नाकाने जेवतो, त्यामुळे फ्रिजमधलं गार अन्न कोमट करून दिलं तरी पुष्कळ फरक पडतो. भिजवलेलं अन्न मात्र तासन्‌तास तसंच ठेवू नका, ते आंबतं.

जागाही बघा. आमचा वाडगा आधी वॉशिंग मशिनशेजारी होता! मशिन गरगरायला लागलं की रागी पसार. शिवाय गळ्यातला बिल्ला स्टीलच्या वाडग्यावर आपटून टणटण वाजायचा आणि तो दचकायचा. आता शांत कोपऱ्यात पसरट ताटली असते.

नखरे कोण शिकवतं?

साधारण चार महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खाणं, हा ढोबळ हिशेब. ताटली ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, नाही खाल्लं तर शांतपणे उचला. पुढच्या वेळी पुन्हा तेच अन्न. मधल्या वेळात बिस्किट नाही, आपल्या ताटातलं काही नाही.

हे लिहायला सोपं आहे. आमच्या घरात चार माणसं आणि चौघांची मनं वेगवेगळ्या वेळी विरघळतात. दाणे नाकारले की चिकन येतं, हे पिल्लाला दोन दिवसांत कळतं. चिकन नाकारल्यावर हाताने भरवलं जातं, हेही कळतं. मग आपण म्हणतो, फार नखरेल आहे हो! शेवटी आम्ही ठरवलं की खाऊ फक्त मुलीने द्यायचा, तोही ‘बस’ शिकवताना. दिवसभरातला असा खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये.

आपल्या ताटाची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. साध्या इडलीचा तुकडा चालेल, पण सांबार नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असतात. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल ही तर विषंच. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

‘नखरे’ नव्हते ते

आता जे सांगायचंय ते मुख्य. तिसऱ्या आठवड्यात रागीने एका सकाळी ताटली हुंगलीसुद्धा नाही. मी नियमाप्रमाणे उचलली. दुपारी तेच. ‘चिकनची वाट बघतोय लबाड,’ असं मी म्हटल्याचं मला चांगलं आठवतं. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, हा चेंडूकडेही बघत नाहीये.’ डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ताप १०४ होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. रक्त तपासलं, गोचिडांमुळे येणारा ताप निघाला. वेळेत औषध मिळालं आणि चौथ्या दिवशी तो ताटलीकडे धावला.

नखरे करणारं पिल्लू ताटलीकडे पाठ करतं, पण चेंडूमागे धावतं. आजारी पिल्लाला चेंडूही नको असतो. पंधरा मिनिटांचा नियम फक्त खेळत्या पिल्लासाठी आहे. लहान पिल्लाने दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर खेळत असलं तरी डॉक्टरांना फोन करा. न खाण्यासोबत उलट्या, रक्ताचे जुलाब किंवा मरगळ असेल तर रात्र उलटू देऊ नका, तो पार्व्हो असू शकतो आणि त्यात तासांचा हिशेब असतो. रात्री उघडा असणारा दवाखाना आधीच शोधून नंबर सेव्ह करून ठेवा. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस असतात. ते पुरे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नये.

चिवावा, यॉर्की अशी अगदी छोटी पिल्लं उपाशी राहिली तर रक्तातली साखर पटकन उतरते. पिल्लू थरथरायला, झोकांड्या खायला लागलं तर हिरड्यांवर थोडा मध चोळा आणि थेट दवाखाना गाठा.

काही कारणं मात्र साधी असतात. लस दिल्यावर एखादा दिवस भूक कमी होते. चौथ्या महिन्याच्या सुमारास २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात यायला लागतात, तेव्हा कडक दाणे टोचतात. पुन्हा भिजवून द्या.

आणि बरगड्या दिसतात म्हणून लगेच ठोसून भरवू नका. आमच्या इमारतीत एकांकडे मुधोळ हाउंडचं पिल्लू आहे. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण त्यांना ‘जरा खायला घाला हो’ म्हणतो. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा हा शिकारी कुत्रा, घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं. त्याची ठेवणच सडपातळ. पोट आत, पाय लांब. लॅब्रॅडॉरच्या मापाने त्याला मोजून कसं चालेल?

खरं माप वजनाचं. तुम्ही पिल्लाला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजा करा. दर रविवारी वजन वाढत असेल आणि पिल्लू हुंदडत असेल, तर एखादी ताटली अर्धी राहिली तरी बिघडत नाही. आमच्या फ्रिजवर मुलीने तक्ता चिकटवलाय. तापाच्या आठवड्यात त्यात आकडा खाली गेला होता, तिथे तिने रडका चेहरा काढलाय. गेल्या रविवारी साडेसहा किलो भरलं. माझ्या वजनाचा रकाना मात्र मी तिला खोडायला लावला.