रस्त्यासाठी लढलेला खानदेश

धुळ्याहून सेंधव्याला जाणारी एसटी मी बरीच वर्षं चालवली. नरडाण्यापर्यंत काळी सपाट रानं, मग सावळद्याला तापीवरचा पूल, शिरपूर, पळासनेर, आणि पुढं सातपुड्यात चढणारा बिजासनचा घाट. भरलेली गाडी घेऊन तो घाट चढला की ड्रायव्हरला एक गोष्ट उमजते. दगडांआड मूठभर माणसं बसली तर खालची फौज कितीही मोठी असो, अडकणारच. निवृत्तीनंतर जुने इतिहास वाचायला घेतले तेव्हा दिसलं, की खानदेशातल्या इंग्रजांविरुद्धच्या मोठ्या झुंजी बहुतेक याच रस्त्याच्या आसपास झाल्या आहेत.

पहिली थाळनेरची. हा किल्ला तापीच्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडायची जागा त्याच्या नजरेखाली. महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि तहात खानदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. 27 फेब्रुवारी 1818 ला सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरला आली. किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेना. बोलणी चालू असतानाच दरवाज्यात गोंधळ उडाला, आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतल्या सुमारे तीनशे लोकांची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. त्या फाशीवर खुद्द विलायतेच्या पार्लमेंटात आक्षेप घेतले गेले.

मैदान कंपनीच्या हाती आलं, डोंगर आला नाही. भिल्लांशी वर्षानुवर्षं चकमकी झाल्या. शेवटी 1825 मध्ये जेम्स आउट्रमनं धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. घाटांची राखणही कंपनीनं भिल्ल नाईकांकडेच ठेवली, पगार देऊन. सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईकाकडे होती. आधी त्याच्या बापानं, गुमानसिंगानं, तेच काम केलेलं. खाज्यानं वीसेक वर्षं इमानानं नोकरी केली. पुढं त्याच्या हातून एक आरोपी मेला, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, निम्मी भोगून तो सुटला. सत्तावन्नची धामधूम सुरू झाली तेव्हा त्याला पुन्हा कामावर घेतलं, कारण घाट सांभाळायला त्याच्याइतका जाणकार दुसरा नव्हता.

थोड्याच दिवसांत तो भीमा नाईक या दुसऱ्या भिल्ल नायकासोबत उलटला. तारा तोडल्या, टपाल अडवलं. इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा खजिना घाटात लुटला. जुन्या सरकारी कागदांत या माणसाला सरळ दरोडेखोर म्हटलंय. मला ते मान्य नाही. हाच मुंबई-आग्रा रस्ता इंग्रजांची रसदवाट होती. मुंबईहून माळव्यात जाणारी कुमक, पैसा, हुकूम, सगळं इथून जायचं. तो रस्ता तोडणं म्हणजे युद्धच.

11 एप्रिल 1858. झाशी पडून जेमतेम आठवडा झालेला. मेजर इव्हान्सच्या फौजेनं सातपुड्यातल्या आंबापाणीला भिल्लांना गाठलं. खाज्या-भीमाच्या लोकांसोबत अरब आणि मकराणीही होते. खडकांचा, झाडांचा आडोसा धरून त्यांनी झुंज दिली. कॅप्टन बर्चसह कंपनीची माणसं पडली. पण बंदुका आणि शिस्तीची पलटण यांच्यापुढं तिरकमठा किती टिकणार? भिल्लांची पुष्कळ माणसं गेली, त्यांत खाज्याचा मुलगाही होता. लढाई संपल्यावर पकडलेल्यांतल्या अनेकांना तिथंच गोळ्या घातल्या. शेकडो बायका कैद झाल्या.

या बायकांपाशी मी दरवेळी थांबतो. भाकर-पाणी, लेकरं, जखमी, सगळं त्या डोंगरात त्यांनीच सांभाळलं असणार, त्याशिवाय इतके महिने घाट रोखून धरता येत नाही. पुरुषांची निदान दोन नावं तरी आपल्याला पाठ आहेत. या बायकांचं एकही नाही.

खाज्या पुढं 1860 मध्ये मारला गेला, तोही रणात नाही, दग्यानं, आपल्यात शिरलेल्या माणसाच्या हातून. भीमा नाईक त्याच्यानंतर काही वर्षं निसटत राहिला. अखेर पकडला गेला आणि काळ्या पाण्यावर पाठवला गेला. अंदमानातच 1876 मध्ये त्याचा अंत झाला.

त्यानंतरची गोष्ट आमच्या आजोबांच्या पिढीनं पाहिलेली. 14 एप्रिल 1944 ला शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी अडवली गेली. इंग्रजांना झुगारून साताऱ्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी इथवर आले होते, आणि खानदेशातून डॉ. उत्तमराव पाटील त्यांच्या बरोबरीनं होते. सुमारे साडेपाच लाख रुपये स्वातंत्र्य चळवळीच्या हाती लागले. परमुलखातून आलेल्या माणसांना वाटा दाखवणारे, रात्री ओसरीवर झोपवणारे, पोलिसांपुढं तोंड न उघडणारे लोक याच गावांतले. त्यांची मुलं आता ऐंशीच्या घरात आहेत. कुणीतरी वही घेऊन त्यांच्याकडे बसायला हवं, आणि ते या उन्हाळ्यात मी सुरू करणार आहे. सुरुवात चिमठाण्यापासून.