पावसाचा निम्मा वाटा

वहीच्या कोपऱ्यात एक लहानसे गणित करा. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती झाले? बरोबर एक लिटर! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे एका हेक्टरवर ९४ लाख लिटरांहून अधिक पाणी. त्या महापुरात मुंबईत शेकडो माणसे दगावली.

एवढ्या पावसापुढे कोणतेही शहर हतबल झाले असते, हे खरे. पण मुंबईत याहून पुष्कळ कमी पावसातही पाणी तुंबते. ते का?

पावसाचे पाणी वाहून नेणारी मुंबईची जुनी गटारे बांधताना ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरला होता, तोही समुद्राला ओहोटी असताना. शिवाय पडलेल्या पाण्यापैकी निम्मेच गटारात येईल, असे मानले होते. उरलेले निम्मे? ते परसांनी, मैदानांनी आणि पाणथळ जागांनी पोटात घ्यायचे! ०.५ हा आकडा कागदावर लिहिला अभियंत्यांनी. तो पाळायचा होता जमिनीने. पुढे वस्ती वाढली, मोकळ्या जागी डांबर आणि काँक्रीट आले. त्यातून पाणी मुरणार कसे? पाऊस तोच, गटार तेच, पण त्यात येणारे पाणी जवळजवळ दुप्पट. १९९३ सालच्या अहवालात ताशी ५० मिलिमीटर पाऊस आणि ०.५ ऐवजी पूर्ण १ धरावा, अशी शिफारस झाली. शहरात पाणी मुरायला जागा उरली नाही, याची ही आकड्यातली कबुलीच म्हणायची.

मिठी नदीचेही तसेच. विहार आणि पवई तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठच्या दलदलीत भरतीचे पाणी पसरे. खारफुटीची मुळे गाळ धरून ठेवीत आणि माशांची पिले तेथे वाढत. त्याच सखल भागात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. दक्षिण मुंबईतील गर्दी हलवण्याचा हेतू चुकीचा नव्हता. परंतु दलदल फुकट जे काम करीत होती, त्याची किंमत कोणी मांडलीच नाही, असे मला वाटते.

आता एक प्रयोग. दोन्ही तोंडे उघडी असलेला डबा झाडाखालच्या मातीत थोडा रोवा, एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती मिनिटे लागतात ते पाहा. मग तोच डबा शाळेच्या मैदानात, पायांनी घट्ट झालेल्या जागी रोवा. दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहा.